सापडलं नाही, तेही छापा

१० जून १९९३ च्या 'नेचर'मध्ये एक आटोपशीर शोधनिबंध छापून आला. लेबनॉनमध्ये मिळालेल्या अंबराच्या, म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेच्या, तुकड्यात एक सोंडकिडा अडकला होता, आपल्या तांदळात होणाऱ्या सोंड्यांच्या दूरच्या नात्यातला. वय १२ ते साडेतेरा कोटी वर्षं. त्याच्या शरीरातून डीएनए निघाला आणि तो वाचताही आला, असा दावा होता. दावा करणाऱ्यांत कॅलिफोर्नियाचे राउल कानो आणि जॉर्ज पॉइनर होते. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत 'जुरासिक पार्क' प्रदर्शित झाला. असा मुहूर्त पंचांग बघूनही काढता येत नाही. सिनेमा पुढच्या वर्षी हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला, तुफान चालला, आणि अंबरातल्या डासाच्या पोटातून डायनासोर काढता येतो ही समजूत एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात बसली. ती अजून तिथून हललेली नाही.

त्या सोंडकिड्याच्या डीएनएचं पुढे काय झालं, हे मात्र कोणाला विचारून बघा. चांगले शिकलेसवरलेले लोकही गप्प होतात.

झालं असं, की लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या संशोधकांनी अंबरातल्या आणि त्याहून कोवळ्या राळेतल्या मधमाश्या-माश्या घेतल्या, दूषण होऊ नये म्हणून जितकी काळजी घेता येईल तितकी घेतली आणि तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले. कीटकांचा प्राचीन म्हणता येईल असा डीएनए त्यांना अजिबात मिळाला नाही. १९९७ साली त्यांनी तसं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. सोंडकिड्याचा डीएनए वाटतो तितका प्राचीन नसावा, असं सांगणारा दुसरा निबंध १९९८ साली आला. तोवर सिनेमाचा दुसरा भागही येऊन गेला होता. या नकाराची बातमी झाली नाही. झाली असेल तर आतल्या पानावर, तळाशी, दोन ओळींत.

मला वाद घालायचा आहे तो इथे. 'सापडलं' असं सांगणाऱ्या निबंधाला जितकी जागा, जितका पैसा आणि जितका मान मिळतो, त्यातला रास्त वाटा 'शोधलं, पण सापडलं नाही' असं सांगणाऱ्यालाही मिळाला पाहिजे. हा वैज्ञानिकांच्या आपापसातल्या मानापमानाचा विषय नाही. ज्या वस्तू फोडून, दळून हे प्रयोग होतात त्या बहुतेक वेळा सार्वजनिक संग्रहांतल्या असतात, आणि प्रयोगाचा खर्चही बहुधा तुमच्याआमच्या करातून होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अंबरातल्या डीएनएचा दावा करणारे लोक लबाड नव्हते. त्यांची आशा निराधारही नव्हती. १९८२ साली पॉइनर आणि रॉबर्टा हेस यांनी बाल्टिक अंबरातली सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीची एक बारीक माशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशींची केंद्रकं दिसत होती, मायटोकॉन्ड्रिया दिसत होते. हाडाचा दगड होतो, पानाचा नुसता ठसा उरतो, आणि इथे पेशीच्या आतली रचना शाबूत! मग केंद्रकात डीएनए का नसेल? क्वागा या झेब्र्याच्या नामशेष भाऊबंदाच्या कातड्यातून १९८४ साली डीएनए मिळाला होता. पाठोपाठ पीसीआर आलं आणि मूठभर रेणूंपासून कोट्यवधी प्रती काढता येऊ लागल्या. १९९२ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियममधल्या संशोधकांनी डोमिनिकन अंबरातल्या वाळवीचा डीएनए मिळाल्याचं जाहीर केलं. त्याच सुमाराला कानो-पॉइनरांनी मधमाशीचा. पायरीवर पायरी चढत गेली. प्रत्येक नवा दावा आधीच्या दाव्याला टेकून उभा होता. खालची पायरी पक्की आहे का, हे कोणी थांबून पाहिलं नाही, इतकंच.

पीसीआरचं बळ तिथेच त्याची खोडही आहे. दुधाच्या पातेल्यात विरजणाचा एक थेंब चुकून पडला तरी सकाळी सगळं दही झालेलं असतं. तो थेंब कुठून आला, हे दही सांगत नाही. पीसीआरच्या नळीत संशोधकाच्या त्वचेचा कण, हवेतल्या बुरशीचा बीजाणू, शेजारच्या टेबलावर कापलेल्या आजच्या कीटकाचा रेणू, काहीही गेलं तरी त्याच्या कोट्यवधी प्रती निघतात. नमुन्यात खरा जुना डीएनए शून्य असेल तर समोर येतं ते सगळं त्या घुसखोराचंच.

१९९४ साली अमेरिकेतल्या युटामध्ये कोळशाच्या खाणीत मिळालेल्या आठ कोटी वर्षं जुन्या हाडांतून डायनासोरचा डीएनए काढल्याचं 'सायन्स'मध्ये छापून आलं. त्या डीएनएतल्या अक्षरांची क्रमवारी पक्ष्यांच्या जवळची नव्हती, सरपटणाऱ्या प्राण्यांच्याही नाही. वर्षभरात इतरांनी दाखवून दिलं की ती माणसाची आहे. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांच्या काही जुन्या प्रती आपल्या केंद्रकातल्या गुणसूत्रांत जाऊन बसलेल्या आहेत. नेहमीच्या मानवी क्रमवारीशी त्या तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे चटकन ओळखू येत नाहीत. त्यातलीच एक डायनासोर म्हणून मिरवत होती.

डीएनए टिकत का नाही, याचं रसायनशास्त्र तेव्हाही माहीत होतं. गंमत म्हणजे तॉमास लिंडाल यांचा डीएनएच्या आपोआप होणाऱ्या मोडतोडीवरचा प्रसिद्ध लेख त्याच १९९३ साली, त्याच 'नेचर'मध्ये आला. पाण्याच्या संपर्कात डीएनएच्या साखळीतली अक्षरं गळतात, साखळी तुटते, सायटोसीन या अक्षराचं युरॅसिल होतं. जिवंत पेशी ही डागडुजी रोज करत असते. मेल्यावर ती करायला कोणी नसतं. लिंडालांना २०१५ साली नोबेल मिळालं ते या दुरुस्तीच्या यंत्रणेवरच्या कामाबद्दल. त्यांचा लेख कोरडा होता. त्यावर सिनेमा निघण्यासारखं काही नव्हतं.

पुढे २०१२ साली न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या १५८ हाडांवरून आकडाही हाती आला. सरासरी १३ अंश तापमानात २४२ अक्षरांचा डीएनएचा तुकडा निम्मा उरायला ५२१ वर्षं लागतात. हा हिशेब हाडांचा आहे, अंबराचा नाही, हे कबूल. पण अंदाज घेण्यापुरता लावून बघा: तेरा कोटी वर्षांत असं निम्मं होण्याची वेळ अडीच लाखांच्या आसपास येते. अडीच लाख वेळा निम्मं करून काही उरलं असेल असं म्हणायचं, तर अंबर म्हणजे जगातली सर्वांत भारी तिजोरी हवी. ती तशी नाही. त्यातून वायू आत-बाहेर करतात. आणि कीटकाच्या आतड्यातले सूक्ष्मजीव तर त्याच्याबरोबर तिजोरीच्या आतच कोंडलेले असतात.

सूक्ष्मजीवांवरून कानोंचा दुसरा दावा. १९९५ साली मोनिका बोरुकी यांच्यासह त्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की डोमिनिकन अंबरातल्या, अडीच ते चार कोटी वर्षं जुन्या डंखहीन मधमाशीच्या पोटातले जिवाणूंचे बीजाणू त्यांनी पुन्हा जिवंत केले. तुकडा बाहेरून रसायनांनी निर्जंतुक करायचा, फोडायचा, पोटातला कण पोषक द्रवात टाकायचा आणि वाट बघायची. द्रव गढूळ झाला. बॅसिलस वर्गातले जिवाणू वाढले होते. या वर्गाचे बीजाणू विलक्षण चिवट असतात हे खरं आहे. आत पाणी अगदी कमी, डीएनएला प्रथिनांचं वेष्टण, उष्णतेला आणि कोरडेपणाला दाद न देणारे. पण झोपलेल्या बीजाणूत दुरुस्तीचं काम बंद असतं. आणि बॅसिलस आजही आपल्या मातीत, धुळीत, सगळीकडे आहेत. प्रयोगशाळेत आगंतुक म्हणून कोण टपकेल याची यादी केली तर ते पहिल्या पाचांत येतील. अँबरजीन नावाची कंपनीही निघाली, प्राचीन जिवाणूंपासून औषधं मिळवण्यासाठी. औषध आलं नाही. अंबरातून मिळाल्याचं सांगितलेल्या यीस्टची बिअर मात्र निघाली. ती चवीला बरी होती म्हणतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

१९९८ साली याच अंबरातून एक नवा जिवाणू वर्णन केला गेला: स्टॅफिलोकोकस सक्सिनस. लॅटिनमध्ये अंबराला सक्सिनम म्हणतात, त्यावरून नाव. चारच वर्षांत त्याचा सख्खा भाऊबंद, त्याच जातीची उपजाती, कुठे सापडली? चीजच्या सालीवर. आता दोन शक्यता उरतात. एक म्हणजे अडीच-तीन कोटी वर्षांत या जिवाणूने फारसं काही बदलायचंच नाही असं ठरवलं. दुसरी तुम्हीच ओळखा. २००० साली न्यू मेक्सिकोतल्या मिठाच्या स्फटिकातून २५ कोटी वर्षं जुना जिवाणू जिवंत केल्याचा दावा झाला, त्यावरचा मुख्य आक्षेपही हाच होता: त्याची जनुकीय क्रमवारी आजच्या एका जिवाणूशी इतकी जुळत होती की मधली २५ कोटी वर्षं गेली कुठे, असा प्रश्न पडावा.

आता नकाराकडे वळतो, कारण नकाराचीही स्वतःची गुणवत्ता असते. 'आम्हाला नाही मिळालं बुवा' हा हात झटकण्याचा प्रकार वेगळा, आणि 'या प्रकारच्या वस्तूत, इतक्या वयाचं, या पद्धतीने शोधलं, या तपासण्या लावल्या आणि मिळालं नाही' हे वेगळं. २०१३ साली मँचेस्टरच्या गटाने अंबर बाजूला ठेवून कोलंबियातली कोपल घेतली. कोपल म्हणजे अजून अंबर न झालेली राळ. एका तुकड्याचं वय सुमारे दहा हजार वर्षं, दुसऱ्याचं जेमतेम साठ. नव्या, जास्त ताकदीच्या क्रमवाचन पद्धतीने त्यांनी आतल्या मधमाश्या तपासल्या. प्राचीन डीएनएचा खात्रीलायक पुरावा साठ वर्षांच्या तुकड्यातही नव्हता. साठ वर्षं! तेव्हा अडकलेल्या मधमाशीच्या वयाची माणसं आज नातवंडं खेळवत आहेत. या एका नकाराने कोट्यवधी वर्षांच्या दाव्यांची जितकी हवा काढली तितकी कुठल्याही तात्त्विक टीकेने काढली नव्हती.

आणि नकार म्हणजे दार कायमचं बंद, असंही नाही. २०२० साली डेव्हिड पेरिस आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलट्या टोकाकडून घेतला. मादागास्करमधल्या झाडाच्या राळेत दोन आणि सहा वर्षांपूर्वी अडकलेले भुंगे त्यांनी तपासले. डीएनए मिळाला. आता दहा वर्षांचा बघा, वीसचा बघा, कुठे थांबतो ते बघा. मला ही पद्धत फार आवडते. कालपासून सुरुवात करून मागे जायचं. १९९३ साली मंडळींनी थेट डायनासोरांच्या काळात उडी मारली होती.

नकार छापला नाही तर नुकसान काय? सर्वांत मोठं नुकसान वस्तूचं होतं, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. अंबरातल्या कीटकातून डीएनए काढायचा तर तो कीटक संपतो. हाडातून काढायचा तर हाडाला भोक पाडून भुकटी करावी लागते. एखाद्या प्रयोगशाळेने दहा नमुने दळले, काही मिळालं नाही आणि गप्प बसली, तर पाच वर्षांनी दुसरी प्रयोगशाळा त्याच संग्रहाकडे येऊन तेच दहा दुसऱ्या टोकाने दळणार. न छापलेला प्रत्येक नकार म्हणजे पुढच्या वेळचा आणखी एक वाया गेलेला नमुना.

हा मुद्दा आपल्या दाराशी कसा येतो, ते राखीगढीने दाखवलं. हरियाणातल्या या हडप्पाकालीन स्थळावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पथकाने उत्खनन केलं, वसंत शिंदे त्याचे प्रमुख. तिथल्या सांगाड्यांचा डीएनए मिळावा म्हणून हैदराबाद, लखनौ आणि हार्वर्डपर्यंतच्या प्रयोगशाळा गुंतल्या. निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल'मध्ये आला. ६१ नमुने तपासले होते. त्यातल्या एकातून, एका स्त्रीच्या सांगाड्यातून, कामापुरता डीएनए मिळाला. तोही शंभराहून जास्त वेळा प्रयत्न करून, तुकड्याला तुकडा जोडून. सुमारे साडेचार हजार वर्षं जुनी हाडं, अंबराच्या मानाने कालची. पण उत्तर भारताचा उन्हाळा आणि पावसाळा त्यांना भोवला.

मग वाद कशावर झाला? त्या एका स्त्रीवर. पत्रकार परिषदेत आर्यांच्या स्थलांतराचा सिद्धान्तच निकालात निघाल्याचं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात त्याच वेळी 'सायन्स'मध्ये आलेल्या जोडनिबंधात, ज्याच्या लेखकांत शिंदेही होते, इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकात गवताळ मैदानांकडचा वंशांश दक्षिण आशियात पसरल्याचं मांडलेलं होतं. वाहिन्यांवर दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला. एका व्यक्तीवरून किती बोलावं, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. आणि जी ६० हाडं मुकी राहिली, त्यांच्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. माझ्या मते ती साठ हाडं ही त्या निबंधातली मोठी माहिती होती. उष्ण, दमट प्रदेशात कुठलं हाड निवडावं, किती खोल पुरलेलं असावं, किती अपयश धरून चालावं, हे त्यांच्यात आहे. निबंधाने ६१ हा आकडा स्वच्छपणे सांगितला, याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. सगळेच सांगत नाहीत.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजने बारा हंगाम चालवलं. ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांचं हे गाव. घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं तिथे मोठ्या संख्येने मिळाली. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल काही जाणून घ्यायचं तर त्या सांगाड्यांना पर्याय नाही, आणि ते पुन्हा उगवणारही नाहीत. उद्या कोणी डीएनएसाठी त्यातले नमुने मागितले तर द्यावेत की नाही? माझं मत: द्यावेत, पण लेखी अटीवर. मिळो वा न मिळो, निकाल ठरावीक मुदतीत जाहीर करायचा, कुठलं हाड, कुठली जागा, किती भुकटी, सगळं. ज्याला ही अट जाचक वाटते त्याला भुकटी मिळणार नाही.

अटीची दुसरी बाजू वस्तू कुठे ठेवली आहे याची. पुन्हा तपासायचं तर वस्तू, निदान तिचे उरलेले तुकडे आणि कच्ची माहिती, दुसऱ्याच्या हाती लागली पाहिजे. म्यानमारच्या काचिन राज्यातल्या हुकाँग खोऱ्यातलं अंबर सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षं जुनं. त्यात पिसं असलेली डायनासोरची शेपटीसुद्धा मिळाली आहे. २०१७ साली तिथल्या लष्कराने खाणींचा ताबा घेतला. माल सीमेपलीकडे चीनच्या बाजारात जातो, दागिना म्हणून विकला जातो, आणि कित्येक उत्तम नमुने खासगी कपाटांत जाऊन बसतात. २०२० साली पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियतकालिकांना असे नमुने छापण्याआधी थांबा म्हणून पत्र लिहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये 'नेचर'च्या मुखपृष्ठावर ऑक्युलुडेंटाव्हिस झळकला होता: हमिंगबर्डएवढा पक्षी, आणि म्हणून जगातला सर्वांत लहान डायनासोर. जुलैत निबंध मागे घेतला गेला. तो सरडा होता. इतक्या लवकर कळलं, कारण कवटीच्या स्कॅनची माहिती इतरांना बघता आली आणि तसाच दुसरा नमुनाही पुढे आला. कपाट बंद असतं तर तो आजही पाठ्यपुस्तकांत पक्षी म्हणून उडत असता.

आपल्याकडे याचं फार वाईट उदाहरण घडून गेलं आहे. पंजाब विद्यापीठाच्या विश्वजित गुप्तांनी हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापलेले जीवाश्म भलतीकडचे होते, हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी १९८९ साली 'नेचर'मध्ये मांडलं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्याकाठी मिळतात तसे कोनोडोंट, म्हणजे दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म, हिमालयात 'सापडले' होते. इथे मात्र मामला भाबड्या चुकीचा नव्हता. पण इतकी वर्षं तो चालला याचं कारण साधं आहे: नेमकी जागा कुठली, नमुना कुठे ठेवलाय, हे विचारून स्वतः जाऊन बघणारे फार थोडे होते.

सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतून पाच कोटी वर्षांहून जुनं अंबर मिळतं. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतल्या संशोधकांनी जर्मन-अमेरिकन सहकाऱ्यांसह २०१० साली त्याचा अभ्यास छापला: सुमारे दीडशे किलो अंबर, सातशेहून जास्त कीटक आणि तत्सम जीव, ५५ कुळांतले. भारत तेव्हा आशियाला भिडण्याच्या बेतात किंवा नुकता भिडलेला. आधी कोट्यवधी वर्षं समुद्रातला एकांडा भूखंड. मग त्याच्यावरचे कीटक जगावेगळे हवेत. निघाले ते भलतेच सोयरेधायरे असलेले: युरोपात नातेवाईक, आशियात नातेवाईक, थेट मध्य अमेरिकेतही. म्हणजे भारत वाटतो तितका एकटा नव्हता. हे सगळं नुसत्या शरीररचनेवरून कळलं. डीएनएचा एक रेणूही लागला नाही.

या अंबराची आणखी एक खासियत. ते साल-गर्जनच्या कुळातल्या झाडांच्या राळेचं आहे. ती राळ आणि तिचा भारताबाहेरचा प्रवास यावर आयआयटी मुंबईच्या सूर्येंदु दत्ता यांच्या गटाने रसायनशास्त्राच्या अंगाने काम केलं आहे. बाल्टिक अंबरासारखं ते आतून पक्कं सांधलेलं नसतं. टोल्युइन किंवा क्लोरोफॉर्ममध्ये ठेवलं की विरघळतं आणि आतला कीटक अखंड बाहेर येतो. पाच कोटी वर्षांपूर्वीचा किडा काचेच्या मागे नाही, थेट सुईच्या टोकावर. पायावरचे केस मोजून घ्या. असं दुसरीकडे फारसं करता येत नाही.

खाणीतला लिग्नाइट मात्र वीज करण्यासाठी काढतात. जे अंबर कोणी वेचलं नाही ते कोळशाबरोबर भट्टीत गेलं. खाण मंत्रालयाने भूवारसा आणि भू-अवशेषांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला. त्यात सगळे अधिकार एकाच सरकारी खात्याकडे जातात, यावर अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो. एका खात्याच्या कुलपापेक्षा अनेक संस्थांच्या उघड्या नोंदवह्या बऱ्या.

यावर एक प्रामाणिक हरकत आहे. इतकं संशयी राहिलं तर खरा शोधही मारला जाईल. २०२२ साली उत्तर ग्रीनलंडमधल्या वीस लाख वर्षं जुन्या गाळातून डीएनए मिळाला. हत्तीचा नामशेष नातलग मॅस्टोडॉन, रेनडिअर, ससे, झाडं, एक अख्खी परिसंस्था. दहा वर्षांपूर्वी कोणी असं म्हणालं असतं तर हसले असते. खरं आहे. पण तो दावा टिकला कसा, ते बघा. थंडी होती, मातीच्या खनिजांना डीएनए चिकटून राहिला होता, आणि मुख्य म्हणजे त्या डीएनएची मोडतोड झालेली दिसत होती. आखूड तुकडे, टोकांना सायटोसीनच्या जागी आलेले ठरावीक बदल. आज जुनेपणाची खूण म्हणून हीच मोडतोड तपासली जाते. साजूक, लांबलचक, नीटनेटका डीएनए दिसला की जाणकाराच्या कपाळावर आठी पडते. ही शहाणीव नव्वदच्या दशकातल्या फजितीतून आली, आणि फजिती कळली ती लंडनसारख्या ठिकाणी काहींनी कंटाळवाणं काम पुन्हा करून 'नाही' म्हटलं म्हणून. त्या नकारांनी संशोधकांना उष्ण डोमिनिकन अंबराकडून गोठलेल्या जमिनीकडे वळवायला मदत केली.

उलट २०२५ च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकन कंपनीने 'डायर वुल्फ' हा नामशेष प्राणी 'परत आणला' असं जाहीर केलं, तेव्हा आपल्या मराठी वाहिन्यांनी आणि दैनिकांनीही ते जसंच्या तसं उचललं. ते राखाडी लांडगे होते. त्यांच्या १४ जनुकांत २० बदल केलेले. काम म्हणून कौतुकास्पद, नाव म्हणून दिशाभूल. जगभरातल्या लांडग्यांच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले, ते छापायला मात्र जागा अपुरी पडली. संपादकांना माझी एकच विनंती आहे: बातमी ज्या पानावर, ज्या आकारात छापली, तिचं खंडनही त्याच पानावर छापा. वाचक कंटाळतील ही भीती अनाठायी आहे. डायनासोर म्हणून छापलेलं हाड माणसाचं निघालं, यात कंटाळा येण्यासारखं काय आहे?

विद्यापीठांचं आणि अनुदान देणाऱ्या संस्थांचं काम थोडं जास्त अवघड आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने तीन वर्षं राळ तपासली आणि डीएनए नाही मिळाला, तर आपल्याकडे त्याचा प्रबंध 'निष्फळ' ठरतो, मार्गदर्शक तोंड फिरवतो, आणि पोराला शेवटच्या वर्षी विषय बदलावा लागतो. काम नीट केलेलं असेल तर तो प्रबंध पूर्ण आहे. तसं नियमात लिहा. अनुदानाच्या अटीत आधीचा एखादा मोठा दावा पुन्हा तपासण्यासाठी वेगळा वाटा राखा. तो फार मोठा लागत नाही, कारण यंत्रं आहेतच. आणि संग्रहालयांनी, लखनौ असो वा पुणे, प्रत्येक नमुन्याच्या नोंदीत एक रकाना वाढवावा: कोणी, कधी, कशासाठी तुकडा घेतला, आणि काय निघालं. काही निघालं नसेल तर तसंच लिहावं. त्याला नवी इमारत लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. नमुना मागायला येणाऱ्याने आधी तो रकाना वाचावा, मग अर्ज करावा.